आईला न सांगितलेल्या ओळी

रविवार, संध्याकाळ. भोर.

आईला वाचता येत नाही, म्हणून मोबाईलवरच्या कोरियन मालिकेखालच्या इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगते. पण फक्त खुनाचा तपास सांगते. प्रेमाचं बोलणं आलं की गिळून टाकते. ही फसवणूकच ना? आठ भाग झाले, मनाला लागून राहिलंय.

तपास तर अगदीच कच्चा. खुनी स्वतःच चिठ्ठी सोडून जातो! पण त्यातला पोलीस आपल्या वाटीतलं अंडं गुपचूप नायिकेच्या वाटीत सरकवतो, तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले.

आज कबूल केलं. "आई, मी बरंच काही सांगितलंच नाही तुला."

"म्हाईत हाय. खून कुनी केला ते न्हाई उमगलं. पर त्यानं अंडं दिलं तवाच समदं कळलं की!" मग मोबाईलकडं बघतच म्हणाली, "आन् आंबवड्याचा निलेश? त्याचं बी दडवूनच ठिवनार व्हय?"

वर्षभर जपलेलं गुपित. तिला कसं कळलं?

"रातच्याला फोनवर कुजबुजतीस, समदं ऐकू येतं मला. जेवाय बोलीव त्याला. बगू तरी, कसा बगतो तुज्याकडं."

लगेच निलेशला फोन केला. तो इतका घाबरला, की हसता हसता माझी भीती कुठं गेली तेच कळलं नाही.