अकरावा प्रश्न

११ जानेवारी

नवीन साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही नक्की करता काय?"

सांगितलं. आकाशात काही विचित्र दिसलं की लोक हवामान कचेरीला कळवतात. मी बारा प्रश्न विचारते, फॉर्म भरते, शेवटच्या खान्यात कारण लिहिते.

"आणि कारण सापडतं?"

"सतरा वर्षं सापडतंय."

आजचे पाच. तीनदा शुक्र. एकदा खोलीतला दिवा, खिडकीच्या काचेत उमटलेला. एकदा पांढरे पक्षी — रस्त्याच्या दिव्यांनी खालून उजळलेले. कळवणाऱ्या बाईंचा आवाज पडला. "म्हणजे नुसते पक्षीच?" नुसते म्हणजे काय, हे त्यांना विचारायचं राहिलं.

१२ जानेवारी

सातला घरी. बाबांना शुक्राचं सांगितलं. "त्याला एकदा समज दे," म्हणाले. "लोकांच्या मागे लागू नकोस म्हणावं."

आमचं दिवसाचं बोलणं एवढंच. मी दमलेली असते. ते उजव्या डोळ्यात भिंग अडकवून, डावा मिटून पुन्हा कुणाच्या तरी घड्याळावर वाकले. दुकान बंद केलं तरी गिऱ्हाइकं जिना चढून येतात.

१५ जानेवारी

बाबांना काहीतरी दिसलं!

गच्चीवरचे वाळलेले कपडे काढताना. काळं, पश्चिमेला, खालून वर येणारं. मला वाटलं थट्टा करताहेत. पण घड्या करताना दोन्ही बाह्या जुळवायला त्यांना फार वेळ लागत होता.

१६ जानेवारी

साहेबांना सांगून पाचलाच निघाले. पावणेसहाला आम्ही दोघं गच्चीवर. आई गेल्यापासून मी वर गेले नव्हते. चार वर्षं. तिची दोरी तशीच आहे, फक्त गाठ बाबांची आहे — तीन वेळा मारलेली.

उंची मोजायला शिकवलं. हात लांब करायचा, मूठ धरायची, क्षितिजापासून किती मुठी ते सांगायचं. "दीड," म्हणाले. मला काहीच दिसलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "गेलं बहुतेक."

खाली उतरायची घाई दोघांनाही नव्हती. आई कपडे उंचीप्रमाणे वाळत घालायची, शाळेतल्या रांगेसारखे, हे त्यांनी सांगितलं. मी ते विसरले होते.

१७ जानेवारी

गच्ची. पावणेदोन मुठी.

१८ जानेवारी

सापडलं कारण. इतकं जवळ, की मलाच हसू आलं. आमच्याच कचेरीतले फुगेवाले रोज संध्याकाळी साडेपाचला हवामानाचा फुगा सोडतात. त्यांना विचारलं, "वारा कुठला?"

"पूर्वेचा. आठवडा झाला. फुगा तुमच्या घरावरूनच जातो की. त्याला चहा तरी विचारत जा."

वेळ जुळते, दिशा जुळते, वर चढणं जुळतं. फुगा पांढरा असतो खरा, पण मावळतीसमोर काळाच दिसणार. बसल्या जागी फॉर्म भरला. बाबांना पुन्हा काय विचारायचं? माणूस घरचा आहे. चष्मा: वाचण्यापुरता. आवाज: नाही. प्रश्न अकरावा — एक डोळा झाकल्यावर वस्तू दिसते का. दुसरा झाकल्यावर दिसते का. होय, होय. मीच लिहिलं. कारण: फुगा.

घरी सांगितलं. "फुगा म्हणतेस तर फुगा," म्हणाले.

रेडिओवरची वेळसुद्धा चार सेकंद मागे आहे म्हणून वाद घालणारा माणूस. मला बरं वाटलं, पटलं म्हणून.

मग म्हणाले, "उद्या येशील ना पण बघायला?"

२१ जानेवारी

तीन दिवस रोज गच्ची. कचेरीत कागद साठलेत. साठू देत.

आज वर थर्मास नेला. मी लहानपणी त्यांच्या दुकानातलं एक घड्याळ गिळायला निघाले होते, ते त्यांनी पुन्हा सांगितलं. दरवेळी घड्याळ मोठं होत जातं. आज ते भिंतीवरचं होतं.

२३ जानेवारी

आज फुगा मलाही दिसला. लहान, कडेला गुलाबी. "तो बघा," म्हटलं. "हो, हो, दिसला," म्हणाले. पण मान वर केली नाही. सरळ समोर बघत होते.

२६ जानेवारी

वारा फिरला. फुगेवाल्यांनी दुपारीच सांगितलं, आज फुगा पूर्वेला.

गच्चीवर बाबांना विचारलं, "आज कुठे?" त्यांनी पश्चिमेला हात लांब केला. "तीन मुठी."

फुगा आमच्या पाठीशी होता. तसं म्हटलं. ते थर्मास उचलून माझ्यासाठी चहा ओतू लागले. कपाच्या उजवीकडे, कठड्यावर. धार खाली पडत होती आणि ते ओतत होते.

मी त्यांचा डावा डोळा माझ्या तळहातानं झाकला. "काय दिसतं?"

"वरचं आकाश. तुझं कपाळ."

"आणि खाली?"

"खाली काळं."

२७ जानेवारी

उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. सुटलेल्या भागापुढे अंधार. तो खालून वर चढतो, रोज थोडा.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बारा दिवस."

"बारा दिवस थांबलात?"

थांबले नव्हते. कारण लिहून मोकळी झाले होते. हे त्यांना कसं सांगू? सतरा वर्षं अनोळखी माणसांना मी अकरावा प्रश्न विचारत आले. काहींना राग येतो, काही फोन ठेवतात, तरी विचारते. आकाशात काही नसतं तेव्हा ते डोळ्यात असतं, हे मला साहेबांपेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एकदा विचारला नाही. घरात.

बाबा डॉक्टरबाईंना म्हणाले, "तिला बोलू नका. माझाच डोळा आहे." मग विचारलं, भिंग लावता येईल का. बाईंनी कागदावरून मान वर केली नाही. "आधी डोळा वाचू तर दे."

उद्या ऑपरेशन.

२८ जानेवारी

झालं. पडदा जागेवर बसवलाय. तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा फुगा भरलाय. तीन-चार आठवड्यांत आपोआप विरेल. तोवर काही सांगता येत नाही.

"कसला फुगा?" मी दोनदा विचारलं. डॉक्टरबाईंना वाटलं मला कमी ऐकू येतं.

३० जानेवारी

दहा दिवस चेहरा जमिनीकडे. झोपताना, जेवताना, बोलताना. बाबा पलंगावर पालथे, कपाळ उशीच्या घडीवर, तोंड कडेबाहेर. दिवसभर एकच फरशी बघतात. तिला कोपऱ्यात तडा आहे म्हणाले, आपल्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मी खाली सतरंजी टाकली आणि त्यांच्या चेहऱ्याखाली उताणी पडले. डाव्या डोळ्यानं त्यांनी मला नीट पाहिलं.

"किती मुठी?" मी विचारलं.

"दोन."

"वस्तूचं वर्णन?"

"केस पिकलेत. नाक बापाचं. बिचारी."

त्यांच्या डोळ्यातून पाणी माझ्या गालावर पडलं. औषधाचे थेंब आहेत म्हणाले. असतील.

२ फेब्रुवारी

फॉर्म घरी आणते, सतरंजीवर पडून वाचून दाखवते. एका बाईंना रोज सकाळी समोरच्या टेकडीवर नारिंगी ज्वाला दिसते. दोन मिनिटं, मग नाही.

बाबा फरशीला म्हणाले, "वेळ रोज थोडी सरकते का, विचार. सरकत असेल तर सूर्य. त्याच्यासारखं बेशिस्त घड्याळ दुसरं नाही. टेकडीवर एखादी खिडकी असेल."

विचारलं. सरकते. आणि खिडकी आहे.

"माझं नाव घाल फॉर्मवर," म्हणाले.

८ फेब्रुवारी

मान वर करायची परवानगी. पहिल्यांदा काय बघितलं, तर भिंतीवरचं घड्याळ. डाव्या डोळ्यानं. "दीड मिनिट मागे. दहा दिवस लक्ष नाही तर बघा."

उजव्या डोळ्यात फुग्याची कड पाण्यासारखी हलते. खाली पाणी, वर पुसट उजेड. उजेड आहे, हे महत्त्वाचं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

कड खाली उतरतेय. रोज विचारते. आज मूठभर.

२० फेब्रुवारी

फुगा वाटाण्याएवढा. "कोपऱ्यात बसून असतो," म्हणाले. "सवय झाली त्याची."

२४ फेब्रुवारी

गेला.

दुपारी टेबलाशी बसले. उजव्या डोळ्यात भिंग लावलं. मी स्वयंपाकघरात उभी, नळ बंद करून. फार वेळ गेला. मग म्हणाले, "मोठं चाक दिसतं. दाते मोजता येत नाहीत. सरळ रेघ मध्ये वाकते."

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्याच: एवढं राहील कदाचित. लवकर आला असतात तर —

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, डाव्या डोळ्यात बसवलं. ते पडलं. पुन्हा बसवलं. "हा नवशिका आहे," म्हणाले. "चाळीस वर्षं मिटून नुसता बसून खाल्लंय. आता कामाला लावतो."

२६ फेब्रुवारी

कचेरीत बाबांचा जुना फॉर्म काढला, फाडला. नवीन घेऊन घरी आले. परक्याला विचारावेत तसे एकेक प्रश्न विचारले. अकरावाही विचारला — एक डोळा झाकून कधी पाहिलंत?

"पहिल्याच संध्याकाळी. जन्मभर एक डोळा मिटून बसलेला माणूस मी. मला कळणार नाही, आकाशात आहे की डोळ्यात?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

ते भिंग पुसत राहिले.

"तू गच्चीवर यायला लागली होतीस."