गरम पाणी आपण होऊन येत नाही

अहो,

आठ महिने तुमच्याशी बोलायचं टाळलं. राग होता, दुसरं काय! पण परवा शुक्रवारी तुमच्या गाडीतल्या न्हाणीत आई आणि मी तासभर कोंडून पडलो, आणि तिथं जे बोलणं झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून बसले लिहायला.

घाबरू नका. तुमच्या आई बऱ्या आहेत.

गुरुवारी नळ येणार होता, आला नाही. हौद तळाला गेला. आईंना तीन दिवस अंघोळ नाही. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला ओल्या फडक्यानं किती पुसायचं? वर्कशॉपातले तुमचे जोडीदार सलीमभाई अधूनमधून येऊन गाडी चालू करून जातात. त्यांनी गाडीतली पाण्याची टाकीसुद्धा धुऊन भरून ठेवली होती. तेच म्हणाले, "भाभी, दौलताबादपर्यंत चक्कर मारू. पाणी बी तापंल, अम्माचं दिल बी रमंल."

किती हसले होते मी तुम्हाला! घरच्या नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि तुम्ही निवृत्त होऊन जुन्या मिनीबसमध्ये पलंग, शेगडी आणि गरम पाण्याची न्हाणी करत बसलात. "आईला सगळा मुलूख दाखवतो." दाखवलात? एक फेरी न मारता गेलात. गाडी दारात, आई घरात आणि मी दोघींच्या मध्ये. या आठ महिन्यांत मी साधी गुलमंडीच्या बाजारात गेले नाही हो. भाजी दारावर घ्यायची, औषधं दारावर घ्यायची, आणि पुन्हा आत.

किल्ल्याच्या पायथ्याशी एका चिंचेखाली गाडी लावून सलीमभाई नमाजला गेले. मी पंपाचं बटण दाबलं, आईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांना वारं लागू नये म्हणून ते सरकतं दार ओढलं. जरा जोरातच ओढलं असेल. दार खाचेतून उतरून तिरकं बसलं. माझं लक्षच नव्हतं, कारण आई हसत होत्या. पाठीवर कोमट पाणी पडलं की "आगं आई गं, बरं वाटतंय" म्हणत होत्या. कितीतरी दिवसांनी हसत होत्या.

तेवढ्यात बेसिनखाली फट्कन आवाज झाला. गिझरची नळी क्लिपमधून निसटली आणि कढत पाणी सरळ आईंच्या डाव्या पायावर!

डाव्या. ज्या पायाला काही कळत नाही. पायावरून वाफ निघत होती आणि त्या तशाच हसत होत्या.

मी मधे हात घातला, तो भाजला. पायावर टॉवेल टाकला. खुर्ची मागं ओढायला गेले, तर न्हाणी केवढीशी, सरकायला जागा कुठं? दार ढकललं, हलेना. फोन बाहेर. पंपाचं बटणसुद्धा बाहेर! असं कुणी करतं का हो? गरम नळ घट्ट पिळला, पण पाणी नळापर्यंत पोचायच्या आधीच फुटलेलं. "सलीमभाई" म्हणून ओरडले. ऐकायला होतं कोण?

तेव्हा तुमचा आवाज आठवला. मी मेथी निवडत होते आणि तुम्ही समोर बसून हातवारे करत सांगत होतात. टाकीतलं पाणी पंप ढकलतो. त्याचा एक फाटा थंड नळाला जातो, दुसरा गिझरला. गाडी चालली की इंजिनाचं तापलेलं पाणी गिझरातल्या वेटोळ्यातून फिरतं; ते पाणी आणि अंघोळीचं पाणी एकमेकांना शिवत नाही, नुसती ऊब इकडून तिकडं येते. "आणि हे ऐक शैला, गरम पाणी आपण होऊन कधी बाहेर येत नाही. मागून थंड पाणी आत शिरतं, ते त्याला ढकलतं."

मी म्हणाले होते, "व्हय व्हय, चहा टाकू का?"

थंड पाणी ढकलतं! मी खाली वाकले आणि गिझरमध्ये थंड पाणी नेणारा निळा कॉक फिरवला. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. पंप जरा घुमला आणि आपोआप गप्प झाला. मग थंड नळ सोडून आईंच्या पायावर कितीतरी वेळ पाणी धरलं.

"भाजलं व्हय?" आईंनी विचारलं. झटका आल्यापासून त्यांची जीभ अडखळते, एकेक शब्द सावकाश येतो.

"लाल झालंय."

"दार उघडत नाय?"

"नाही. सलीमभाई येईपर्यंत बसायचं."

त्या म्हणाल्या, "मग कळलं तुला. मला रोज कसं वाटतं त्ये."

मला एकदम राग आला. त्यांच्याशी कधी बोलले नव्हते तसं बोलले. "मला रोजच कळतं, आई. तुमच्यासंगं मीही आठ महिने आतच आहे."

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. पण आई रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग धाकट्याकडं धाड की मला. पाचोडला. तिथं माझं अंगण हाय, बोलायला चार बाया हायेत. तू कवा म्हणशील म्हणून वाट बघतीय."

"मला वाटलं, तुम्हाला जायचं नाही."

"आन् मला वाटलं, तुला धाडायचं नाय."

अहो, दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "आईला कुठं पाठवू नको." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते त्या वेळी? पण तुम्ही आईंना विचारलं होतं का? मला तरी विचारलंत? तुमच्या एका शब्दानं आम्ही दोघी बायका एकमेकींच्या जेलर होऊन बसलो. हे लिहिताना रडतेय, पण खोडणार नाही.

तिथंच, ओल्या फरशीवर, आईंच्या गुडघ्याला डोकं टेकून मी बसले. त्या उजव्या हातानं माझे केस मागं सारत होत्या. सलीमभाई आले, हाक ऐकून धावले, बाहेरून दार उचलून बाजूला केलं आणि आम्हाला बघून त्यांनी घाईनं मान फिरवली. "या अल्ला, भाभी, माझीच चूक." त्यांची कसली चूक?

आईंच्या पायाला दोन फोड आलेत. डॉक्टर म्हणाले, भरतील. सलीमभाईंनी नळीला दुहेरी क्लिप लावली, पंपाचं बटण आत घेतलं. पाचोडला भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी विचारायला घाबरत होतो." सगळेच तुमच्या शब्दाला घाबरत होते! पाय बरा झाला की आई पाचोडला जातील.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडतेय. त्याच्या बदल्यात दुसरा देते. हा कुणी मागितलेला नाही, माझा मी ठरवलेला आहे. सोमवारपासून सलीमभाईंकडं गाडी चालवायला शिकणार आहे. या वयात, हो! दर महिन्याला टाकी भरून पाचोडला जाईन. तिथं पोचेपर्यंत पाणी तापलेलं असेल. आईंना अंघोळ घालीन, वेणी घालीन, त्यांच्याबरोबर जेवीन आणि संध्याकाळी एकटी परत येईन.

तुमची,
शैला