पाण्यावर नजर

एफ्राइम, युटा
सोमवार

प्रिय केलीन,

फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस आणि मग आपण दोघी हवापाण्याबद्दल बोलत बसतो. म्हणून हे पत्र. आधी तुझ्या लेकीची खुशाली सांगते, नाहीतर तू शेवटचं पानच आधी वाचशील. सुट्टीला आमच्याकडे आलेली एमरी मजेत आहे. परसातल्या जर्दाळूंवर तिने आणि पाखरांनी मिळून असा ताव मारलाय की माझ्या जॅमला काही उरेलसं वाटत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारचा उपासही तिने दुपारपर्यंत धरला. मग सभेतून आल्या आल्या फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, देवाला आता पुरे झालं असेल."

सकाळचं वाचन अजून तसंच चालू आहे. स्वयंपाकघरातलं तेच टेबल, प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. तुम्ही सगळी गेल्यापासून आम्ही दोघंच उरलो, आता एमरी धरून तिघं, त्यामुळे पाळी लगेच येते, डुलकी काढायची सोय राहिली नाही. मागच्या आठवड्यात ग्रंथातली ती गोष्ट आली, देवाच्या आज्ञेवरून, दारू पिऊन रस्त्यात पडलेल्या माणसाचं डोकं उडवण्याची. मी मनात म्हटलं, आता प्रश्न येतोय. आणि आलाच. तुझ्यासारखीच भुवई चढवून एमरी म्हणाली, "पण तो तर शुद्धीवरच नव्हता. मग देव असं कसं सांगेल?" तू सोळा वर्षांची असताना हेच विचारलंस, तेव्हा बाबांनी ग्रंथ मिटला होता आणि ओटमील गार होतंय म्हणून मी तुला गप्प केलं होतं. त्यानंतर तू वाचायचीस, पण विचारायची नाहीस. यावेळी बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाळा, जन्मभर वाचतोय, मलाही हे नीट पटलेलं नाही. तू विचारत राहा." हे उत्तर तेव्हा तुला मिळालं असतं तर तू या घरातून अशी तुटून गेली असतीस का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

आता परवाच्या शनिवारच्या बाप्तिस्म्याबद्दल. "तिला हवंय ना, मग करा. मी येणार नाही," असं तू सांगितलंस, आणि मी एकदाही आग्रह केला नाही. मला ते किती जड गेलं असेल, तूच बघ. बाबांचा खांदा धड नाही, पण नातीला पाण्यात घ्यायचं तर तेच घेणार. दोघं पांढऱ्या कपड्यांत चर्चमधल्या कुंडात उतरले. काठावर एकीकडे शेजारचे ब्रदर सोरेनसन आणि दुसरीकडे मी, असे आम्ही दोघे साक्षीदार. तुझ्या वेळी हे काम फक्त पुरुषांचं होतं. तुझी वेणी पाण्यावर तरंगत राहिली म्हणून तुला पुन्हा बुडवलं, ते मी मागे खुर्चीत बसून पाहिलं होतं. आता बायकांनाही उभं राहता येतं. काम एवढंच, नजर पाण्यावर ठेवायची. सगळं अंग बुडालं की मान हलवायची. केस, कोपर, काहीही वर राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एमरीच्या पायाचा अंगठा वर आला. ब्रदर सोरेनसन मवाळ माणूस, ते छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अंगठा राहिला." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईशी लग्न कशाला केलं. एमरी खोकत म्हणाली, "आजी, एक अंगठा देवाने चालवून घेतला नसता?" सगळे हसले. मी नाही हसले. नियम म्हणजे नियम, हे मीच तर तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात भरवलं.

बाबांनी पुन्हा हात उंचावून शब्द म्हणायला सुरुवात केली, आणि एमरीने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मघाशीही ती तिकडेच वळत होती, म्हणून पाय सुटला. मीही पाहिलं. दार जरासं उघडं, आणि दारात तू. जीन्स, केस कसेबसे बांधलेले, हातात कॉफीचा कागदी कप, आपल्या चर्चमध्ये तर कॉफी वर्ज्य. मी बघतेय हे तुला कळलंही नाही, पण तो कप तू पाठीमागे धरला होतास, शाळेतल्या पोरीसारखा. किती वाळली आहेस गं. तू तिच्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. पाण्याचा आवाज झाला, पोर वर आली, ब्रदर सोरेनसननी मान हलवली, त्यांचं बघून मीही हलवली. पुन्हा वळून पाहिलं तर दार बंद. नंतर सगळे कुकीज खात होते तेव्हा एमरी ओल्या केसांनीच बाहेर गाड्यांपाशी जाऊन आली. कुठे गेली होतीस, हे मी विचारलं नाही.

तर आता या पत्राचं कारण. साक्षीदार म्हणून मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलंच नाही. काल बिशपना सांगितलं. त्यांचं टायरचं दुकान आहे ना, तिथे गिऱ्हाइकं थांबलेली असावीत तशी त्यांना रविवारीही घाई. म्हणाले, "सिस्टर ओल्सेन, सोरेनसननी पाहिलं ना, मग जाऊ द्या." मी म्हटलं, साक्षीदार दोन लागतात. झालं, येत्या शनिवारी दहा वाजता पुन्हा. बाबा आत्तापासून खांद्याला मलम चोळतायत. पण मी पुन्हा उभी राहणार नाही. साक्षीला कोण चालतं, असं मी बिशपना विचारलं. बाप्तिस्मा झालेलं आणि चर्चच्या नोंदीत नाव असलेलं कोणीही, म्हणाले. तुझं नाव तू अजून काढून घेतलेलं नाहीस. तुझं नाव घेतल्यावर म्हणाले, "येत असेल तर येऊ दे." बाबांना सांगितलं तर गॅरेजमध्ये निघून गेले. बऱ्याच वेळाने आले आणि विचारलं, "तिच्याकडे पांढरं काही नसेल ना?" मी सांगितलं, साक्षीदाराला पांढरं लागत नाही, जीन्स चालते. केलीन, तुला काही मानायचं नाही, काही म्हणायचं नाही. काठावर उभं राहून आपल्या लेकीकडे बघायचं, बस. ते तर तू दाराआडून केलंसच. एमरीला मी अजून काही बोललेले नाही. कॉफी गाडीत ठेव आणि पुढच्या दाराने आत ये. तू पाण्यावर नजर ठेव. मी मागे खुर्चीत बसेन, आणि मला हवं तिकडे बघेन.

तुझीच,
आई