कोणत्या स्क्रिप्टला किती मुभा

सोमवार, ४ मार्च
आजपासून सूनबाईच्या कामात लुडबुड बंद. देवासमोर कबूल केलंय, म्हणजे झालंच. शुक्रवारी तिची परीक्षा. साहेबांसमोर सगळं सुरळीत चाललं तर नोकरी पक्की, आणि कायम घरूनच काम. मला तेच हवंय. दुपारी घरात बोलायला माणूस नको?

संध्याकाळ
लुडबुड नव्हे, नुसती चौकशी केली. कुठेतरी लांब पुष्कळ कॉम्प्युटर एकत्र जोडलेत, त्याला क्लस्टर म्हणतात. आत कंटेनर, म्हणजे आपले डबेच. त्यांत स्क्रिप्ट नावाचे गडी राबतात. आजवर सगळ्यांना सगळीकडे मोकळं रान होतं. आता ज्याला जेवढी लागेल तेवढीच मुभा, आणि ती ठरवायची सूनबाईनं. ऐकून ऊर भरून आला. मी मॅट्रिक, पण या घरात दुसरं काय करत आलेय?

मंगळवार
पद्धत अशी: आधी काहीच द्यायचं नाही. स्क्रिप्ट चालवायची. जिथे 'मनाई' येईल, तेवढंच उघडायचं. केवढी काटकसर! लगेच घरात लागू केली. साखर, इस्त्री, रिमोट, सगळं कपाटात. मागेल त्यालाच मिळेल. यांनी रिमोट मागितला. टीव्ही मी लावून दिला. नुसतं बघायची मुभा, चॅनेल बदलायची नाही.

बुधवार
एक स्क्रिप्ट साफसफाईची आहे, जुनंपानं टाकून देणारी. सूनबाईला बजावलं, टाकायची मुभा कुणालाही देऊ नकोस, कधी काय लागेल सांगता येत नाही. ती म्हणाली, आई, मग ती करणार काय? मी म्हटलं, नुसती बघेल. हेच आणखी तीनदा आत जाऊन सांगितलं. शेवटी तिनं कानात ती बोंडं घातली. गाणी ऐकत काम करते. आनंदी आहे पोर.

गुरुवार
नवा निश्चय. उद्या दिवसभर मौन आणि जप.

शुक्रवार, दुपारी
जप करता करता वायफायचे दिवे लुकलुकताना दिसले. ते चालू ठेवायची परवानगी माझ्याकडे कोणी मागितली होती? नियम म्हणजे नियम. बटण बंद केलं. आतून सूनबाईची केवढी मोठी किंकाळी! नेट का गेलं म्हणून विचारत घरभर फिरली. मौन असल्यामुळे मला काही सांगता आलं नाही. शेवटी फोनच्या नेटवर बाल्कनीत उभी राहिली.

संध्याकाळ
देव पावला. स्क्रिप्ट तिकडे लांब आपल्या आपण चालतच होत्या. कुणाला मनाई नाही, कुणाला जास्तीची मुभा नाही. साफसफाईवालीनंसुद्धा नेमका कचराच टाकला. साहेब खूश. माझं मौन फळाला आलं.

सोमवार, ११ मार्च
नोकरी पक्की. घरून काम करायची परवानगीही आली होती. सूनबाईनंच नको म्हणून कळवलं. सकाळी ऑफिसला गेली.
हिशोब मांडला. वीज वाचणार, चहा-साखर वाचणार. फायदाच आहे.
तरी दुपारी सवयीनं दोन कप चहा झाला. तिचा कप घेऊन खोलीपाशी गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दार वाजवलं.
आत कोणी नव्हतं.