बनूचं हिरवं कार्ड

१० सप्टेंबर, बुधवार
किल्ली नाही. समाजमंदिराची किल्ली तालमीतल्या पोराकडे, पोरगा साताऱ्याला, आणि मी सगळी पोरं घेऊन पायरीवर. पायरीवरच वाचनवर्ग घेतला. समोरून कांद्याचे ट्रॅक्टर. रितेशला "कांदा" वाचायला दिलं तर "प्याज" म्हणाला. बाप बिहारचा, इथं एमआयडीसीत कामाला. पोरगं चित्र बघून सांगतं, अक्षराकडे बघायचंच नाही. शिफा सगळं बरोबर वाचते, पण इतक्या बारीक आवाजात की तिचं तिलाही ऐकू जात नसावं.
घरी आल्यावर हे म्हणाले, "एस्टीतून रिटायर झालीस की बदली झाली?" पासाच्या खिडकीत आयुष्य गेलं, पण तिथं माणसं निदान रांगेत यायची.
एक बनू तेवढी गुणाची. धनगराची पोर, दुसरीत आहे. कुठलंही पुस्तक घडाघडा वाचते. तिच्याकडे बघून दिवस निघतो.

१३ सप्टें., शनिवार
वाचनवर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या कोमल मॅडम आल्या. वय माझ्या सुनेएवढं, मला काकू म्हणतात. नियम परत समजावला, जशी मी पहिल्यांदाच ऐकतेय. ज्याला परिच्छेद वाचता आला त्याला हिरवं कार्ड. मग त्याचा वर्ग संपला, जागा दुसऱ्या मुलाला. बनूला दिवाळीआधी कार्यक्रमात कार्ड द्यायचं ठरलं. चला, एक तरी हाताला लागली.
व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलं, दुपारी सुविचार, संध्याकाळी परत फुलं. किल्लीचं विचारलं तर कुणी बघत पण नाही.

२२ सप्टें., सोमवार
कपाळावर हात मारून घेतला.
बनू वाचत होती. वारा आला, दोन पानं एकदम उलटली. पोरगी थांबली नाही. जे पान उलटून गेलं त्याच्यावरचं सगळं म्हणाली, एक शब्द न चुकता. बोट भलत्याच ओळीवर.
मग शिफाच्या तिसरीच्या पुस्तकातला धडा पुढं ठेवला. गप्प. "वाच की." "ह्ये म्या आईकलं न्हाई."
एका दमात सांगून टाकलं, लाज नाही की भीती नाही. आज्जा ओव्या म्हणतो, एकदा ऐकल्या की हिला पाठ. मी जे वाचून दाखवते ते सगळं तसंच डोक्यात. जूनपासून ही कार्टी मला गंडवतेय, आणि मी तिचं कौतुक सगळ्यांना सांगत फिरतेय.
"असं का गं करतेस?"
"कार्ड पायजे."
"कशाला?"
"अप्पा म्हणल्यात, वाचाय आलं की साळा बास. मंग मेंढरांमागं चल. माजी चंदी बारकी हाय."
चंदी म्हणजे तिचं कोकरू. दिवाळी झाली की यांची मेंढरं कोकणात उतरतात. वाचायला आलं तर बनू त्यांच्यासोबत जाणार. नाही आलं तर इथं लोणंदला आत्याकडे राहणार आणि शाळा चालू.
म्हणजे ही पास झाली की संपलीच. आणि तिला तेच पाहिजे. काय करावं या पोरीचं.

२४ सप्टें., बुधवार
रात्रभर डोक्यात तेच. कोमल मॅडमना फोन केला, बनूला वाचता येत नाही म्हणून. म्हणाल्या, "अहो काकू, माझ्याकडे तिचा व्हिडिओ आहे." व्हिडिओत वाचतेय म्हणजे वाचतेयच.
एक सुचलं. माझ्या नातवाचं जुनं पुस्तक आहे. एक म्हैस मालकाला दावं लावून बाजारात विकायला नेते. चित्रं कमी, मजकूर भरपूर. आज वाचून दाखवलं. बनू डोळे मिटून ऐकत होती, भरून घेत होती सगळं. म्हैस बाजाराच्या फाटकाशी पोचली आणि मी पुस्तक मिटलं.
"फुडं?"
"पुढचं तू वाच."
असं बघितलं माझ्याकडे की मीच चोर. पिशवीत पुस्तक घालून घरी आले. कधी नव्हे ते बरं वाटलं.

२९ सप्टें., सोमवार
बनू बोलत नाही. फुगलीये. रितेशला विचारलं तिनं पुढं काय होतं, त्याला काय माहीत. तो म्हणाला, "भैंस बिक गयी." बनूनं त्याला चिमटा काढला. दोघांनाही रागावले.
जाताना माझ्या पिशवीला हात लावून, "नुस्तं म्हशीच्या मालकाला कितीला मागत्यात तेवडं सांगा." सांगितलं नाही.

४ ऑक्टो., शनिवार
आज अर्धा तास पुस्तक तिच्या हातात दिलं. "फा... ट... क" एवढं लावलं आणि पुस्तक आपटलं. "लय हळू हुतंय." हळूच होतं बाई. सगळ्यांना हळूच होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अवघड जातंय, म्हणून राग. मलाही राग. दोघी रागातच काना-मात्रा करत बसलो.
किल्ली आज मिळाली, कुलूप गंजलंय.

११ ऑक्टो., शनिवार
कार्यक्रम झाला. डोकं उठलंय, गोळी घेऊन लिहितेय.
शाळेचा हॉल, तालुक्याचे साहेब, हार, नारळ. मी मुद्दाम पेपरच्या पुरवणीचं पान नेलं होतं, टबात कोथिंबीर कशी लावायची त्याचं. म्हटलं न ऐकलेलं द्या, म्हणजे खरं काय ते दिसेल. बनूनं पान हातात घेतलं, एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि सुरू झाली. कळपातून चुकलेलं कोकरू, त्याला शोधणारी पोरगी, कोल्हा, ओढा. सगळं जागच्या जागी रचलं. पानावर डोळे, मध्ये थुंकी लावून कागद उलटला पण. कोथिंबिरीचं नाव नाही.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. साहेबांचा चष्मा खिशात होता.
"मॅडम, एक शब्द जुळला नाही कागदाशी."
"काकू, फोटो गेले पण ग्रुपवर."
"खोटं चालणार नाही मला."
"तुम्ही फार मनाला लावून घेता."
बनूच्या गळ्यात हिरवं कार्ड. मागं तिचा बाप, ती अप्पा म्हणते तो धुळाबा, डोक्याला पटका, डोळ्यांत पाणी. त्याच्याकडे बघून माझं धाडस झालं नाही तिथं बोलायचं.
मला ही पोरगी वर्गात पाहिजे. साधी गोष्ट आहे.

१२ ऑक्टो., रविवार
यांच्याशी भांडण. हे म्हणाले, "तिचा बाप बघंल, तू कोण?" फौजेत राहिलेला माणूस, ऑर्डर नसताना काही करायचं म्हटलं की यांना त्रास. तरी स्कूटर काढली माझ्यासाठी, तोंड वाकडं करून.
धुळाबाला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं.
"आवं बाई, तुमी म्हंता येत न्हाई. त्या मॅडम म्हंत्यात येतंय. मला कागदातलं काय कळतंय?"
बरोबरच होतं त्याचं. भाऊबीज झाली की निघणार. तोवर बनू वर्गाला येईल, एवढं कबूल केलं.

१८ ऑक्टो., शनिवार
दिवाळीमुळं वर्गाला तिघंच. बनू आली, कार्ड गळ्यात. पुस्तक मागून घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मी मदतीला गेले तर, "ऱ्हाऊ द्या." भिंतीकडे तोंड, ओठ हलत होते. वाचत होती की पाठ केलेलंच म्हणत होती, देव जाणे. मी शिफाकडून मोठ्यानं चार ओळी काढून घेण्यात दमले.

२५ ऑक्टो., शनिवार
यांच्यासोबत रानात धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या तळावर गेले. घोड्यावर सामान लादायचं चाललेलं, मेंढरं अजून वाघरीच्या जाळीत. धुळाबाला म्हटलं, कागदातलं तुम्हाला कळत नाही ना, पण मेंढरातलं कळतं. माझ्या कानात सांगा कुठलं कोकरू आणायचं. मी लिहिते. बनूनं वाचून तेच आणलं तर खुशाल न्या.
त्यानं कानात सांगितलं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लंगडं कोकरू घेऊन ये."
बनूनं कागद धरला. तिची आई पातेलं घासायची थांबली. बनूचं बोट पहिल्या अक्षराखाली. मग दुसऱ्या. ओठ हलले. मग मान वर करून बघितलं तिनं, घोड्याच्या पायाशी लंगडं कोकरू बसलं होतं, थेट तिकडंच बघितलं. मी बघितलंय, मला कोणी सांगू नये.
आणि उठून गेली ती दुसऱ्याच टोकाला. आपली चंदी उचलून आणली आणि बापाच्या हातात दिली.
धुळाबानं चंदीकडे बघितलं, मग पोरीकडे.
"न्हाई येत वाटतं," म्हणाला. मग तिला, "सांबाळतो हिला म्या. दूध सुटंस्तोवर खांद्यावरच घेतो."
निघताना मला म्हणाला, "रविवारी फोन करत जाईन. वाचाय आलं की सांगा. घाई न्हाई."
बनू रडली नाही. तिला न्यायला आलेल्या आत्याच्या मागं रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली. मीच पदर तोंडाला लावून उभी. हे म्हणाले, "चल, धूळ फार आहे."

२९ ऑक्टो., बुधवार
कोमल मॅडमचा मेसेज. कार्ड मिळालेलं मूल वर्गात कसं? जागा अडते. लिहिलं, वाचता येत नाही तिला. "काकू, नक्की?" नक्की म्हटलं. दोनदा खोडून परत टाइप केलं.
किल्ली परत हरवली.

१ नोव्हें., शनिवार
पायरीवरच वर्ग. रितेशनं चित्र हातानं झाकून "कांदा" वाचलं, मग स्वतःलाच टाळी दिली. आता प्रत्येक शब्दाला टाळी. वैताग आहे नुसता.
बनू खांबाला टेकून म्हशीचं पुस्तक घेऊन बसलेली. मी शिफाच्या वहीत होते आणि एकदम खळखळून हसण्याचा आवाज. बनू. पोट धरून हसत होती. मागं जाऊन बघितलं. बाजारात गिऱ्हाइकं जमतात आणि जनावर घेताना बघतात तसं मालकाचं तोंड उघडून दात बघतात, ते पान. त्या पानावर चित्र नाही. आणि ते मी एकदाही वाचून दाखवलेलं नाही.
माझी चाहूल लागली तशी हसू गिळलं, पुस्तक मिटलं. "काय झालं गं?" "कुटं काय." डोळे माझ्यावर, एकदम सरळ. मीही पुढं विचारलं नाही. आधी राग आला, मग तिच्याबरोबर हसावंसं वाटलं, मग परत राग.
उद्या रविवार. धुळाबाचा फोन येईल, वाचाय आलं का म्हणून विचारील. खोटं चालणार नाही म्हणून सगळ्यांशी भांडले ती मीच. आणि फोनवर काय बोलायचं ते अजून ठरत नाही. यांना विचारलं तर म्हणाले, "रेंज नाही म्हणून सांग." या माणसाला काही विचारू नये.
पुस्तक बनू घरी घेऊन गेली. मी मागितलं नाही.