पैंजणीचं बाळंतपण

१५ जानेवारी १९४६, मंगळवार
आजपासनं रोज लिहायचं. साक्षरतेच्या वर्गात मास्तर म्हणाले, राहीबाई, तुमचं अक्षर लय टपोरं. टपोरं म्हंजे पानावर चार शब्द मावत्यात, पण चार तर चार. ही वही कुणी वाचायची न्हाई. विजयमालानं तर न्हाईच न्हाई. विजयमाला म्हंजे माझी सून.

मुद्दा असा की नातीला, अंजनाला, दिवाळीनंतर टायफाईड झाला. पोर उठली, पण नुसती काडी राहिलीया. कराडचा डाक्टर म्हणाला, रोज एक अंडं द्या. आमच्या चार कोंबड्या. तीन मुंगसानं नेल्या, उरली पैंजणी. पायावर पिसं हायत म्हणून पैंजणी. आणि तिनं धा दिवस झालं अंडंच घातलं न्हाई! अंडं साळूबाईकडनं आणावं लागतंय. शेजारीण चांगली हाय, पण एका अंड्यामागं एक टोमणा देती, त्यो फुकट.

संध्याकाळी सून म्हणाली, आत्याबाई, अंजीचं वडील तीन तारखेला मिलिटरीतनं रजेवर येत्यात. तवर अंडं न्हाई, तर पैंजणीचा रस्सा. अंजना रडाय लागली. पैंजणी तिच्या आजारपणात उशाला बसायची. मी म्हटलं, रडू नगंस, तुझी आजी जिती हाय. आठ दिसांत अंड्यांची रांग लावती.

१६ जानेवारी, सकाळ
इन्स्पेक्शन केलं. हा शब्द नाथाजीचा. मागल्या आळीचा, लढाईवरनं परत आलेला. त्यानं पैंजणी उलटी धरली, मी शेपूट वर केलं. अगं आई गं! बुडाची पिसं घाणीनं चिकटून लिंबाएवढा गोळा झालेला. पिसाच्या मुळाशी लिखांचे पांढरे झुबके, आणि उवा अशा पळाल्या जणू बाजारात बैल सुटला.

नाथाजी म्हणाला, काकी, सोपं हाय. गोळा कातरा, कोमट पाण्यानं तेवढीच जागा धुवा, कोरडी करा, कोरडी राख चोळा. खुराडं उन्हात काढून आतनं चुना मारा. आठ दिसांनी परत राख, न्हाईतर लिखा फुटत्यात. मी म्हटलं, गड्या, पाच पोरांची डोस्की मी निर्मळ केली, तू मला उवा शिकवतूस व्हय?

उवा साळूबाईच्या कोंबड्यानं आणल्या. दुसरं कोण आणणार.

१६ जानेवारी, रात्री
पडल्यापडल्या विचार केला. अंडं घालती ती कोण? बाळंतीण! बाळंतिणीला काय लागतं? न्हाणं, तेल, शेक-धुरी, डिंकाचा लाडू. एवढी साधी गोष्ट, मिलिटरीला कशी कळावी.

१७ जानेवारी
शिकेकाई लावून न्हाऊ घातलं, चोचीपासनं पायापतुर. वरनं खोबऱ्याचं तेल. पैंजणीनं माझं मनगट फोडलं. बाळंतिणी पहिल्या दिवशी चिडत्यातच.

१८ जानेवारी
थंडीनं काकडतीया. ओव्याची धुरी दिली, शेगडीवर पालथी पाटी, पाटीवर पैंजणी. शेपटाची तीन पिसं जळाली. शेपटानं अंडं येत न्हाई, तवा नुकसान काय न्हाई. विजयमाला म्हणाली, आत्याबाई, रस्साच चाललाय जणू. सुनेला जीभ लय.

२० जानेवारी, रविवार
लालासाहेब, माझा लेक, त्याच्यासाठी बांधलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक चुरून घातला. गुऱ्हाळावरनं काकवी आलीया, ती भाकरीवर. पैंजणी तुटून पडली. बघा, भूक लागली!

२१ जानेवारी
पातळ हागतीया. पोट साफ होतंय. दोन लाडू.

२२ जानेवारी
बुडाला परत गोळा, आधीपेक्षा मोठा. काकवीनं चिकटतंय असं नाथाजी म्हणाला. म्हणू दे. राख लावली तर तेलामुळं तिचा चिखल झाला, म्हणून राख बंद. परत न्हाणं. उवा हायतच. साळूबाईला सांगितलं, तुझा कोंबडा बांध. ती म्हणाली, आवं राहीअक्का, माझ्या कोंबड्या राखेत लोळत्यात, तुमची शेगडीवर लोळती. उवा कुणाकडं जातील? अंडं मात्र दिलं. अंजनानं खाल्लं. अंजना म्हणाली, आजी, हे पैंजणीचं का? मी म्हटलं, तिच्याच जातीचं.

२३ जानेवारी, दुपार
नवा उपाय! तमाखूनं उवा मरत्यात. घरात तमाखू म्हंजे माझी मिसरी. डबीभर पैंजणीला चोळली. ती शिंकली, मी शिंकले, दावणीची म्हसबी शिंकली. उवा कमी दिसल्या. धूर्त असत्यात, लपल्या असतील.

२४ जानेवारी
मिसरी संपली, डोस्कं धरलंय. सगळ्यांवर वरडले. लिहायला सुचत न्हाई.

२६ जानेवारी, शनिवार
नाथाजीनं इचारलं, काकी, खुराड्याला चुना मारला का. उद्या मारती म्हटलं. शनवारी चुना मारत न्हाईत. (गुरुवारी माझा उपास होता, शुक्रवारी पाटी सापडली न्हाई.) आठ दिस उरले. सूनबाईनं मसाला वाटायला काढलाय. नुसता बघून ठेवला म्हणती. पैंजणी समोरनं गेली तर दोघी एकमेकींकडं बघत बसल्या.

२७ जानेवारी
माझ्या अंगाला खाज. सारखं कायतरी चालतंय. पैंजणीला मांडीवर घेऊन बसती त्याचं हे फळ असं सून म्हणती. माझं अंथरूण तिनं बाहेर सोप्यात टाकलं. बरं झालं, वारं चांगलं लागतं. रात्री अंजना येऊन पायाशी बसली. म्हणाली, आजी, तीन तारीख कवा येती? मी म्हटलं, लांब सरक, उवा चढत्यात.

२८ जानेवारी
पलूसहून निरोप, धाकटी बहीण बनुबाई पडली, पाय मुरगळला. जायलाच पाहिजे. ऐन उपचारात! सुनेला सगळं पाठ करून घेतलं: सकाळी न्हाणं, मग तेल, मग धुरी, दोन लाडू, काकवी. ती म्हणाली, व्हय आत्याबाई. किती येळा व्हय म्हणाली! नीट ऐकणारी सून नशिबानं मिळती.

२ फेब्रुवारी, शनिवार
आले. दारातनंच अंजना वरडली, आजी, अंडं! काल एक, आज एक! मी बोचकं दारातच टाकलं. पैंजणी घमेल्यातल्या राखेत पाय वर करून लोळतीया. बूड कोरडं, पिसं कातरून सारखी केलेली. खुराडं उन्हात, आतनं चुन्यानं पांढरंफेक. सुनेला म्हटलं, माझ्या सांगण्याप्रमाणं केलंस ना? ती म्हणाली, न्हाई आत्याबाई. कोमट पाण्यानं एकदा धुतलं, नाथाजीभावजींनी खुराडं केलं, वर राख. खायला ज्वारी आणि पाणी. लाडू एकबी न्हाई.

मग मी इचार केला. औषध अंगात मुरायला पंधरा दिस लागत्यातच. मी सुरू केलं सतराला. हिशोब बरोबर बसतोय.

४ फेब्रुवारी, सोमवार
लालासाहेब काल आला. रस्सा न्हाई, पिठलं-भाकरी खाल्ली. अंजनानं पैंजणीचं अंडं बापाच्या म्होरं बसून खाल्लं, पिवळं तोंडाला माखून. मी दोनदा आत जाऊन डोळं पुसलं. धुरानं.

सकाळी म्हशीकडं गेले. कानात गोचिडी! दूधबी कमी झालंय. मी म्हटलं, आता हिच्याकडं जातीनं बघती, ओव्याची धुरी, शिकेकाई... तर लेक आणि सून एकदम उठली. सून म्हणाली, आत्याबाई, बनुमावशींचा पाय अजून ठणकत असंल, कुणीतरी जवळ पाहिजे. उरलेलं डिंकाचं सगळं लाडू तिनं माझ्या बोचक्यात बांधलं. माझी काळजी लय. लालासाहेब तर मिलिटरीचा माणूस, मी नुसती लुगडं घडी करतीया तवर आगगाडीचं तिकीट घेऊन आला. दुपारच्याच गाडीचं.

मी म्हटलं, बाबा, येतानाचं? तो म्हणाला, आई, तिकडचंच काढलंय. म्हशीला उतार पडला की मी न्यायला येतो.