अडचणीचा गुरुवार

मी, भागवत कारभारी गाडेकर, वय बहात्तर, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलं नाही.

१. घर आणि निम्मं रान मुलगा रामप्रसाद याला. तो पुण्यात कंपनीत आहे. विकणार हे ठाऊक आहे, पण माझ्या हातात काही नाही.

२. पोस्टातली ठेव आणि तिच्या आईची पोत मुलगी दैवशाला हिला, मंठ्याला पोचवावी.

३. टिकाव, खोरं, फवारणीचा पंप जो मागेल त्याला. शिडी चार वर्षांपासून शेजारच्या गोरक्षनाथकडे आहे. ती त्यालाच दिली असं समजावं, म्हणजे मी मेल्यावर तरी तो माझ्या दारावरून सरळ जाईल.

४. विहीर. वडिलांनी आम्हा दोघा भावांना पाण्याची पाळी लावून दिली होती. सोमवार ते बुधवार माझी, शुक्रवार ते रविवार धाकट्या कल्याणची. गुरुवार ज्याला अडचण त्याचा. दोन हजार बाराच्या दुष्काळात दोघांनाही अडचण होती. मी मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं. कल्याण आला, म्हणाला, "दादा, दोन तास पाणी सोड, झाडं चालली माझी." मी म्हणालो, "माझीबी चालली." माझी मोसंबी जगली, त्याची जळाली. तो बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेला, वॉचमन झाला. कल्याण का गेला असं कोणी विचारलं की मी दुष्काळाचं नाव सांगतो. खरं कारण मी आहे, याची फार लाज वाटते.

पुढे रामप्रसादला तिकडे खोली कल्याणनेच पाहून दिली. आता सातही दिवस माझे आहेत आणि मोटारीपर्यंत चालवत नाही.

म्हणून उरलेलं निम्मं रान आणि विहिरीचा माझा सगळा हिस्सा कल्याणला. त्याने परत यावं.

एवढं लिहून त्याला बोलावून घेतलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाला, "दादा, तिकडं गुरुवारी नळाला पाणी येत न्हाई. तेव्हा विहीर आठवती. पण नातवंडं तिकडच्या शाळेत हायेत. आता इथं येऊन मी काय करू?"

ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्याचा वाटा जाऊ शकतो, असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. ते मी कल्याणला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पेन मागितला.

धावडा, दि. १४ नोव्हेंबर २०२५
(सही) भागवत कारभारी गाडेकर

साक्षीदार:
१. (सही) रामकिसन तुकाराम सोनुने, राहणार धावडा
२. (सही) कल्याण कारभारी गाडेकर, राहणार पुणे